सामायिक रस्ता (लेखांक सातवा) : एकाच पट्ट्यातील तीन वेग

मागील लेखांकात पादचाऱ्यांच्या वाट्याला आलेल्या रस्त्याचा विचार झाला. या लेखांकात सायकल, मोटारसायकल आणि मोटार यांच्यातील संघर्षाचा विचार करायचा असून, त्यासाठी एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि आज दुचाकींनी व्यापलेल्या पुण्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हा संघर्ष बहुधा शिस्तीचा किंवा संस्कारांचा प्रश्न म्हणून मांडला जातो, परंतु त्याचे मूळ रस्त्याच्या आखणीत आहे. चालत्या वस्तूच्या अंगची ऊर्जा, म्हणजेच गतिज ऊर्जा, वजनाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी 15 किलोमीटरने जाणाऱ्या सायकलशेजारून ताशी 45 किलोमीटरने मोटारसायकल गेली, तर स्वारासह तिचे वजन दुप्पट धरले असता तिची ऊर्जा अठरापट भरते. डाव्या कडेला उभ्या असलेल्या मोटारींपैकी एखादीचे दार अचानक उघडेल या धास्तीने सायकलस्वार हातभर उजवीकडे सरकतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ते सरकणे बेफिकिरीचे वाटते, तो हॉर्न वाजवून ‘कट मारतो’, म्हणजे अगदी खेटून झटक्यात पुढे निघतो, आणि त्यामुळे मागच्या मोटारचालकाला करकचून ब्रेक दाबावा लागतो. प्रत्येकाला चूक दुसऱ्याची दिसते, कारण त्या दाराची भीती एकट्या सायकलस्वारालाच ठाऊक असते.

यात मोटारसायकलस्वाराची स्थिती सर्वांत अवघड आहे. सायकलस्वाराला त्याचा धोका वाटतो, पण बस-ट्रकपुढे तोही तितकाच उघडा असतो. 2022 मध्ये देशातील रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडलेल्या 1,68,491 व्यक्तींपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवरील होत्या. त्याच्यावर सारा दोष टाकणारी मांडणी म्हणूनच अन्यायाची आहे.

सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग हा उपाय पुण्याला नवा नाही. 2006 मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका, सुरू झाली तेव्हा कडेने सायकल मार्गही आखले गेले आणि 2017 मध्ये महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तथापि मार्ग सलग नसेल, तो बसथांब्यापाशी अडत असेल आणि नेमक्या चौकाच्या तोंडाशी संपत असेल, तर सर्वाधिक गरजेच्या ठिकाणीच सायकलस्वार पुन्हा रहदारीत लोटला जातो. दुचाकी आत शिरू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवतात. पण सायकलच्या आणि स्कूटरच्या हँडलच्या रुंदीत फारसा फरक नसल्याने सायकल सहज जाईल अशा फटीतून स्कूटरही जाते, आणि फट आवळली तर सायकलस्वारालाच उतरावे लागते. खांबांवरचा हा भरवसा व्यर्थ आहे. मोटारसायकलस्वाराला मुख्य रस्त्यावर सुरक्षित जागा मिळाल्याखेरीज तो सायकल मार्गात शिरण्याचे थांबणार नाही.

पेठांमधील अरुंद रस्त्यांवर मात्र स्वतंत्र मार्गाला जागाच नाही. तेथे तिन्ही वाहनांचा वेग एकमेकांजवळ आणणे, म्हणजे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा घालून ती रस्त्याच्या रचनेतूनच पाळली जाईल अशी व्यवस्था करणे, हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी एकाही वाड्याची भिंत पाडावी लागत नाही.