नागपूरचे सी. के. नायडू

आपल्या सिंदी मेघ्याहून नागपूर काही लांब नाही. तिथे १८९५ साली सी. के. नायडू जन्मले. घरची बोली तेलुगू. तेव्हा राज्य इंग्रजांचे, क्रिकेटही त्यांचेच.

१९२६ साली इंग्लंडचा संघ मुंबईस खेळायला आला. नायडूंनी दोन तासांच्या आतच १५३ धावा ठोकल्या! त्यांत ११ षटकार. चेंडू जमिनीला न टेकता हद्दीपार गेला, की तो षटकार.

१९३२ साली भारत पहिला कसोटी सामना लॉर्ड्सला खेळला. कर्णधार नायडूच. झेल घेताना हात दुखावला. तशा हाताने त्यांनी पहिल्या डावात ४० धावा काढल्या. आपल्यांत सर्वांत जास्त. सामना मात्र हरलो.

पुढे साठी उलटली तरी ते खेळतच होते. त्या वयात आम्ही काठी शोधतो! १९६७ साली ते इंदूरला वारले.