पाण्यात बुडणारा मासा

मासा पाण्यात बुडून मरतो का? वर्गात हा प्रश्न विचारून बघा. सगळे हसतील. मग त्यांना सांगा की असा मासा खरंच असतो. तो शोधायला परदेशी जावं लागत नाही. तेरणेच्या डोहात, बोरीच्या पाण्यात, एखाद्या गावामागच्या तलावातही तो असू शकतो. त्याचं नाव मरळ. मोठा मरळ जाळ्यात अडकून पाण्याखालीच राहिला, त्याला वर येताच आलं नाही, तर चारी बाजूंना पाणी असूनही तो गुदमरून मरतो. त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं.

हे असं का, ते समजायला आधी आपला धाराशिव जिल्हा बघू. बालाघाटचे डोंगर इथून जातात आणि पडलेलं पाणी दोन वाटांना लावतात. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. बोरी आणि सीना मात्र भीमेकडे वळतात आणि भीमेतून कृष्णेला जातात. म्हणजे एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन मोठ्या नद्यांमधून बंगालच्या उपसागरात पोचतो! वाटेत हे पाणी आपण जागोजागी अडवलंय. तेरजवळ तेरणेवर धरण आहे, लोहारा तालुक्यात माकणीला निम्न तेरणा आहे, परंड्याकडे सीना-कोळेगाव आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात तर बोरी नदीवर सुमारे 400 वर्षांपूर्वीचा, आदिलशाहीतला बंधारा आहे आणि त्याच्या भिंतीच्या पोटात चक्क खोल्या आहेत. त्यालाच पाणीमहाल म्हणतात. त्याशिवाय दुष्काळी कामांत मजुरांनी खोदलेले कितीतरी पाझर तलाव आहेत.

तळी पुष्कळ, पण पाऊस बेभरवशाचा. पळस फुलला, शिमगा झाला, की तळ्याचा काठ रोज थोडा थोडा आत सरकायला लागतो. कधी कधी तर पाणी संपतंच. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं होतं आणि लातूरकरांना पाणी द्यायला मिरजेहून रेल्वे धावली होती, हे घरच्या मोठ्यांना विचारा, त्यांना आठवत असेल. माणसांसाठी रेल्वे आली. माशांचं काय?

माशांची पंचाईत पाणी संपायच्या कितीतरी आधी सुरू होते. मासे कल्ल्यांनी पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात, हे तुम्ही शिकला आहात. पण पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात फार तर 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. 30 अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. आणि एक लिटर हवेत किती असतो? सुमारे 280 मिलिग्रॅम! डोक्यावर एवढा खजिना पसरलेला, आणि खाली मासे थेंबाथेंबाला महाग.

त्यात आणखी एक गोम आहे. दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं, पण रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरतं. तळ्यातले मासे, किडे, जिवाणू सगळेच वापरतात. म्हणून पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या आत. उन्हाळ्यात अशा वेळी रोहू, कटला पाण्यावर तोंड काढून ओठ हलवताना दिसतात. ते हवा पीत नाहीत बरं का. पृष्ठभागाचं पाणी हवेला चिकटून असतं, तिथे प्राणवायू जरा जास्त असतो, तेवढ्यासाठी ती धडपड असते. मच्छीमारांना हे दृश्य दिसलं की काळजी वाटते, कारण ऊन चढेपर्यंत काही मासे उलटे होऊन तरंगू लागतात.

मरळाला ही काळजी नाही. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला दोन पोकळ्या असतात. आतून त्या घड्या पडलेल्या असतात आणि त्या घड्यांवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. मरळ वर येतो, तोंड उघडतो, हवेचा एक घोट या पोकळीत भरतो आणि खाली जातो. प्राणवायू थेट रक्तात! आपल्या फुप्फुसांचं काम हीच पोकळी करते. त्याला कल्लेही असतातच, पण मोठ्या मरळाचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. म्हणून तो बुडू शकतो. इतर माशांना जीवघेणं ठरतं त्या कोमट, गढूळ पाण्यात टिकून राहायची सोय झाली, पण तिची किंमत म्हणून वर येण्याची सक्ती मागे लागली.

आणि पाणी पुरतंच आटलं तर? पट्टेवाला मरळ ओल्या गाळात शिरून बसतो. कातडी आणि ती श्वासाची पोकळी ओली राहिली, तर तो तिथे आठवडेच्या आठवडे तग धरतो. पाऊस पडून जमीन चिंब झाली की अंगाला हिसके देत तो थोडं अंतर सरपटूही शकतो, एका डबक्यातून दुसऱ्यात. परवा कोरडं पडलेलं तळं भरल्यावर त्यात मरळ दिसले, तर आभाळातून मासे पडले असं कुणी म्हणेल. तुम्ही मात्र आधी गाळाकडे आणि वरच्या अंगाच्या डोहाकडे बोट दाखवा.

दिसायला हा मासा लांबट, गोलसर अंगाचा. डोकं चपटं आणि मोठ्या खवल्यांनी झाकलेलं, तोंड डोळ्यांच्याही मागपर्यंत फाकणारं. त्याच्या भाऊबंदांत काही जाती वीतभरच वाढतात, तर काही जवळजवळ मीटरभर. तो पाठलाग फारसा करत नाही. पाणगवतात दबा धरून बसतो आणि बेडूक, लहान मासा किंवा झिंगा टप्प्यात आला की एका झेपेत गिळतो. गळ टाकणारे म्हणूनच त्याच्या मागे असतात. रोहूसाठी कणकेचा गोळा चालतो, पण मरळाला हलणारं भक्ष्य लागतं. हल्ली दुकानात रबरी बेडूकही मिळतात. गवताच्या कडेने ते टुणटुण ओढत नेले की मरळ फसतो.

गळ टाकून बसलेली आजोबामंडळी पोरांना दटावतात, “गप बसा रे, मासे पळतील!” या बाबतीत विज्ञान थोडं पोरांच्या बाजूचं आहे. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळतो आणि बहुतेक सगळा परत फिरतो, खाली फारच थोडा जातो. तुमच्या गप्पा माशांपर्यंत पोचतच नाहीत म्हटलं तरी चालेल. पण काठावर धप्पकन उडी मारलीत, तर तो हादरा जमिनीतून पाण्यात उतरतो, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं, सेकंदाला सुमारे 1480 मीटर, धावतो. शिवाय माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. तिच्यात पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या पेशी असतात. बेडकानं पाय झाडला तरी मरळाला ते अंगावर कळतं. तेव्हा गप्पा हळू आवाजात मारा हवं तर, पण पाय मात्र अलगद टाका. आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका.

आता सगळ्यात सुंदर भाग. आपल्या तळ्यांतल्या रोहू, कटला, मृगळ या माशांची पिलं बहुतेक वेळा त्या तळ्यात जन्मलेलीच नसतात. या माशांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साठलेल्या तळ्यात ते अंडी घालत नाहीत. पूर्वी नदीतून पिलं गोळा करावी लागत. मग 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हीरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावली. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांमध्ये अंडी उबवता येतात, मत्स्यजिरे वाढवून बोटुकली करता येतात, आणि पावसाळ्यात मच्छीमार संस्था त्या विकत आणून तलावात सोडतात. भारतात 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन असतो, तो याचमुळे. रोहूची मादी एका हंगामात लाखांनी अंडी देते आणि पुढे वळूनही बघत नाही.

मरळाचं तसं नाही. त्याला कुणी इंजेक्शन द्यायला लागत नाही. उन्हाळा संपत आला, पावसाचे दिवस जवळ आले की नर-मादी काठच्या उथळ पाण्यात पाणगवत बाजूला सारून एक जागा मोकळी करतात. तिथे घातलेली अंडी पिवळसर असतात आणि तरंगतात, कारण प्रत्येक अंड्यात तेलाचा थेंब असतो. उबदार पाण्यात एक-दोन दिवसांत पिलं बाहेर येतात. पट्टेवाल्या मरळाची पिलं थोडी मोठी झाली की लालकेशरी दिसतात, शेकड्यांनी एकत्र राहतात, आणि कोंबडीभोवती पिलं फिरावीत तशी आईबापाला धरून फिरतात. पाण्यावर लालसर गोळा इकडून तिकडे सरकताना दिसतो आणि त्याच्या खाली मोठा मरळ पहारा देत असतो. जवळ आलेल्या कुणावरही तो धावून जातो, मग समोर बेडूक असो, पाणसाप असो की माणसाचा पाय.

आणि इथेच एक वाईट गोष्ट घडते. त्या गोळ्यावरून गळ ओढला की पहारेकरी भुकेसाठी नाही तर रागानं त्यावर झडप घालतो आणि सापडतो. एक मासा हाती येतो, आणि मागे राहिलेली शेकडो पिलं दुसऱ्या माशांच्या, बगळ्यांच्या आणि पाणकावळ्यांच्या तोंडी जातात. मला हे अजिबात आवडत नाही. मरळाची चव मलाही माहीत आहे आणि मासेमारीवर घर चालवणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण पिलांसोबतचा मरळ धरू नये, असं मी गळवाल्यांना दरवेळी सांगतो.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. तिकडे अमेरिका-कॅनडातल्या तळ्यांमध्ये बास नावाचा मासा असतो, तोही मोठ्या तोंडाचा, दबा धरणारा. तिकडे उत्तरेच्या भागात हिवाळ्यात तळी गोठतात. वसंतात बर्फ वितळून पाणी 15 अंशांच्या वर गेलं की बासचा नर शेपटीनं तळ झाडून घर करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. आपल्याकडे मार्चमध्येच पाणी त्याहून कितीतरी गरम झालेलं असतं, म्हणून त्यांचा मासा उन्हाची वाट बघतो आणि आपला पावसाची. पण बापाचा पहारा दोन्हीकडे सारखाच, आणि त्याला फसवून धरणारे गळवालेही दोन्हीकडे. म्हणून कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात बऱ्याच भागांत वसंतात बास धरायला बंदी असते.

गंमत म्हणजे त्याच अमेरिकेत मरळाच्या एका भावाची भीती बसली आहे. 2002 मध्ये मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावी एका तळ्यात चीनकडचा, थंडी सोसणारा मरळ सापडला. एका माणसानं आजारी बहिणीच्या सूपासाठी न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन जिवंत मासे आणले होते, आणि बहीण बरी झाल्यावर ते तळ्यात सोडून दिले होते! सरकारनं विष घालून त्या तळ्यातले सगळे मासेच मारून टाकले. पण पुढे 2004 मध्ये हाच मासा पोटोमॅक नदीत मिळाला आणि आता तिथे तो कायमचा रहिवासी झाला आहे. तिथले लोक त्याला पाहुणा म्हणून नको म्हणतात, आणि आपल्या शेजारच्या तेलंगणाचा तर मरळ हा राज्यमासा आहे! महाराष्ट्राचा मात्र पापलेट, म्हणजे समुद्रातला. आपल्याकडेही उलटा प्रकार झाला आहेच. बाजारात दिसणारी चिलापी मूळची आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणलेली. तेव्हा घरच्या काचेच्या टाकीतला मासा नको झाला, तर त्याला दयेपोटी ओढ्यात सोडू नका, दुकानदाराला परत द्या.

मरळ बघायचा असेल तर घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन सकाळी लवकर तळ्यावर जा. आटत्या तळ्याचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत गुडघाभर रुतवतो, म्हणून एकटं जायचं नाही. गवताच्या कडेला नजर लावा. ओठ हलवत बराच वेळ वर राहिले, तर ते प्राणवायूला आसुसलेले दुसरे मासे. एकदम वर येऊन ‘बुडुक’ असा आवाज करून क्षणात खाली गेला, तो बहुतेक मरळ. लगेच घड्याळ बघा आणि त्याच जागी पुन्हा वलय कधी उठतं ते वहीत लिहा. दुपारी पाणी तापल्यावर परत मोजा आणि दोन्ही वेळा ताडून बघा. लाल गोळा दिसला तर लांबच थांबा. अगदी लहान पिलांची श्वासाची पोकळी तयार झालेली नसते, ती कल्ल्यांनी आणि कातडीनं श्वास घेतात. काही आठवड्यांनी ती स्वतः हवा घ्यायला लागतात आणि गोळ्यावर बारीक बारीक वलयं उठू लागतात. ती कोणत्या तारखेला पहिल्यांदा दिसली, आणि खाली पहारा देणारा एक होता की जोडी, तेही तुमच्या वहीत असू द्या.