कचऱ्याच्या भट्टीचा नियंत्रण अभियंता

कचरा जाळून वीज तयार करणाऱ्या प्रकल्पात नियंत्रण प्रणाली अभियंत्याचे मुख्य काम एकच असते: तासातासाला बदलणाऱ्या इंधनातून एकसारखी वाफ मिळवणे. बॉयलर, टर्बाइन, जनित्र ही यंत्रे इतर औष्णिक केंद्रांसारखीच असतात. सगळा फरक भट्टीत काय पडते याचा असतो.

ओमानमधल्या दुक्मकडे पाहिले की हा फरक कळतो. अल वुस्ता प्रांतात अरबी समुद्राकाठी वसलेले हे एके काळचे मच्छीमारांचे गाव. २०११ मध्ये तेथे विशेष आर्थिक क्षेत्र स्थापन झाले. बंदर आणि सुकी गोदी उभी राहिली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवसाला २ लाख ३० हजार पिंपे क्षमतेच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे औपचारिक उद्घाटन झाले. या वसाहतीला वीज आणि गोडे पाणी पुरवणारे ३२६ मेगावॅटचे केंद्र नैसर्गिक वायूवर चालते. वायू नळातून येतो, त्याचे उष्मांक मूल्य फारसे बदलत नाही आणि झडप बंद केली की ज्योत तत्क्षणी विझते. पुण्या-मुंबईत इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन आखातात गेलेले अनेक मराठी अभियंते अशाच तेल-वायूच्या कामात मुरलेले असतात. कचऱ्याच्या भट्टीपुढे त्यांना बरेच काही नव्याने शिकावे लागते.

शिकण्याची जागाही आता दूर राहिलेली नाही. शारजाचा सुमारे ३० मेगावॅटचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. दुबईतील वारसानचा प्रकल्प वर्षाला सुमारे २० लाख टन कचरा जाळण्यासाठी बांधलेला आहे. ओमाननेही बरका येथे असा प्रकल्प योजला आहे. महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मोशी कचरा डेपोतील १४ मेगावॅटच्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. त्याची क्षमता वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचऱ्याची आहे.

अशा प्रकल्पात गाड्या कचरा एका खोल खड्ड्यात ओततात. क्रेनचालक तो उलथापालथा करून मिसळतो. हे मिसळणे नीट झाले नाही, तर पुढची कितीही महागडी संगणक प्रणाली ते भरून काढू शकत नाही. खड्ड्यातली हवा पंख्याने ओढून भट्टीत सोडतात, त्यामुळे दुर्गंधी बाहेर पडत नाही. कचरा सरकत्या जाळीवर येतो, आधी वाळतो, मग पेटतो आणि शेवटी राख होऊन खाली पडतो. या प्रवासाला साधारण तासभर लागतो.

नियंत्रणाची खरी अडचण या तासात आहे. वाफ कमी पडली म्हणून जास्त कचरा ढकलला आणि तो ओला निघाला, तर आग वाढण्याऐवजी मंदावते. ओली लाकडे घातलेल्या चुलीसारखी. थोड्या वेळाने तोच साठलेला कचरा वाळून एकदम पेटतो आणि वाफ हवी त्याहून जास्त होते. म्हणून अभियंता वाफेच्या एका आकड्यावर विसंबत नाही. धूरवायूतला प्राणवायू, भट्टीचे तापमान, जाळीखालच्या हवेचा दाब आणि आगीकडे रोखलेला अवरक्त कॅमेरा या सगळ्यांवरून नियंत्रण प्रणाली कचऱ्याचे उष्मांक मूल्य अंदाजते. लगेचचा फरक हवेने साधायचा आणि सावकाशीचा फरक कचऱ्याच्या वेगाने, हे त्यातले मूळ सूत्र.

नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहत दुक्मचा उन्हाळा मस्कतपेक्षा सुसह्य करतात आणि पुढे तेच भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस आणतात. दुक्मच्या यंत्रांना त्यांच्यामुळे धूळ आणि खारी हवा सोसावी लागते, मोशीच्या भट्टीला भिजलेला कचरा. ओला, मातीमिश्रित कचरा हा आपल्याकडचा जुना प्रश्न आहे. १९८७ मध्ये दिल्लीतील तिमारपूर येथे उभारलेला असा प्रकल्प कचऱ्याचे उष्मांक मूल्य कमी पडल्याने लवकरच बंद पडला.

आग पुरेशी तापलेली असणे आरोग्यासाठीही अत्यावश्यक आहे. युरोपीय नियमांनुसार धूरवायू किमान ८५० अंश सेल्सिअसला दोन सेकंद राहिले पाहिजेत, तरच डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये मोडतात. तापमान या मर्यादेखाली उतरू लागले की सहायक बर्नर आपोआप पेटतात आणि ते मर्यादेखाली असेतो नवा कचरा घेतला जात नाही. पुढे चुना आम्ल वायू शोषतो, सक्रिय कोळसा डायऑक्सिन आणि पारा धरतो, पिशव्यांचे गाळणे धूळ अडवते. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत डायऑक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम ठरवली होती. धुराड्यावरील धूळ आणि वायूंचे विश्लेषक अखंड मोजणी करतात. त्यांचे अंशांकन चोख ठेवणे, ही या अभियंत्याची सर्वांत गंभीर जबाबदारी मानली पाहिजे. त्या आकड्यांवर परिसरातील लोकांचा विश्वास अवलंबून असतो.

वायूच्या केंद्राशी सर्वांत मोठा फरक संकटाच्या वेळी दिसतो. टर्बाइन अचानक बंद पडले, तरी जाळीवरचा कचरा जळतच राहतो. त्याला झडप नाही. तयार होणारी वाफ टर्बाइनला वळसा घालून थेट कंडेन्सरकडे न्यावी लागते. बाहेरची वीजही गेली, तर धूर ओढणारा पंखा आणि बॉयलरला पाणी देणारा पंप डिझेल जनित्रावर काही सेकंदांत सुरू व्हावे लागतात, नाहीतर धूर उलटा इमारतीत शिरतो आणि बॉयलरच्या नळ्या कोरड्या पडतात. म्हणून बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी साधारणतः तीन स्वतंत्र उपकरणे मोजतात आणि त्यांपैकी दोहोंनी धोका दाखवला की प्रणाली बॉयलर थांबवण्याची क्रिया सुरू करते. एक उपकरण बिघडल्याने प्रकल्प विनाकारण थांबू नये आणि खरा धोकाही नजरेआड होऊ नये, यासाठी ही रचना.

रोजचे काम मात्र बरेचसे राखेशी झगडण्याचे असते. तापमापकावर राखेचा थर चढतो आणि तो खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू लागतो. दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या तुंबतात. प्लॅस्टिक आणि मिठातल्या क्लोरीनमुळे बॉयलरच्या नळ्या गंजतात, म्हणून वाफही सहसा ४०० अंशांच्या आसपासच ठेवतात. आधुनिक कोळसा केंद्रांत ती ५४० अंश किंवा अधिक असते. दुरुस्तीसाठी एखादा सुरक्षा संकेत तात्पुरता बाजूला ठेवायचा, तर लेखी परवानगी, नोंदवही आणि काम संपताच तो पूर्ववत करणे, यात सूट नसते. धोक्याच्या घंटाही मोजून ठेवाव्या लागतात. दर दहा मिनिटांना सरासरी एकीपेक्षा जास्त घंटा वाजू नयेत, असे प्रचलित मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याहून जास्त झाल्या की चालक त्यांच्याकडे लक्ष देईनासे होतात.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याला इन्स्ट्रुमेंटेशन, विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी उपयोगी पडते. पण ज्वलन आणि रसायन यांचा अभ्यास न करता या नोकरीत उतरू नये, आणि पहिले काही महिने संगणकाच्या पडद्याऐवजी कचऱ्याच्या खड्ड्यावर, क्रेनचालकाशेजारी बसून काढावेत.