आंबले की बिघडले?

आपल्या भाषेने आंबण्यावर थोडा अन्यायच केला आहे. दिवसभर राबून अंग आंबते, उत्साहावर विरजण पडते. म्हणजे काहीतरी वाईटच! आणि तरीही इडलीचे पीठ आंबले नाही, की घरात केवढी काळजी सुरू होते. आंबणे आणि बिघडणे यांतील सीमारेषा नेमकी कोठे, हा प्रश्न घरच्या घरी बिअर करू पाहणाऱ्या नवशिक्याला सर्वांत अधिक छळतो.

हा छंद मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतला. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला; अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने तिची वाट मोकळी झाली. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून मद्य बनविणे हा गुन्हा आहे. तेव्हा पुढील विवेचन करून पाहण्यासाठी नसून समजून घेण्यासाठी आहे. वसतिगृहाच्या रेक्टरांनी निश्चिंत असावे!

मोड आणून वाळविलेल्या बार्लीचा गोड काढा हॉप्स या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते व तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनविते. वायू बाहेर जावा पण बाहेरची हवा आत येऊ नये, म्हणून झाकणावर पाणी भरलेली वाकडी नळी बसवितात. नवशिक्याचे सारे लक्ष या नळीतील बुडबुड्यांकडे!

पहिली चिंता येथेच सुरू होते : बुडबुडे का येत नाहीत? वस्तुतः यीस्ट कामाला लागण्यास एखादा दिवस, कधी दोन-तीन दिवसही लागतात. शिवाय झाकण सैल असेल तर वायू तेथूनच निसटतो आणि नळी मुकी राहते. म्हणून बुडबुड्यांवर न विसंबता हायड्रोमीटर या घनतामापकाला विचारावे. शुद्ध पाण्याचा आकडा १.००० धरला, तर गोड काढ्याचा साधारण १.०५० असतो. साखर संपत जाते तसा तो उतरून १.०१० च्या आसपास येतो. दोन-तीन दिवस तोच आकडा टिकला, की काम पूर्ण झाले असे समजावे.

पण आकडा १.०३० वरच अडला तर? बहुधा थंडी बाधलेली असते, किंवा यीस्ट कमी पडलेले असते. ‘एल’ जातीच्या बिअरचे यीस्ट साधारण १८ ते २० अंश सेल्सिअसला सुखाने काम करते. गारठ्यात ते झोपी जाते. अशा वेळी भांडे थोड्या उबदार जागी ठेवून हलकेच फिरवावे. हिवाळ्यात पिठाचे पातेले घोंगडीत गुंडाळणाऱ्या आपल्या आजीला हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते!

तिसरी चिंता रूप-गंधाची. वर तपकिरी फेस आणि तळाशी गाळ दिसणे स्वाभाविक आहे. काही जातींचे यीस्ट कुजक्या अंड्यासारखा वास सोडते. तो बहुधा आपोआप जातो. लोण्यासारखी चव आली तर आणखी काही दिवस थांबावे, यीस्टच ती शोषून घेते. मात्र रंगीत, केसाळ बुरशी दिसली तर सारे ओतून द्यावे. हवा लागून व्हिनेगर झाले असेल, तर त्यालाही उपाय नाही.

सर्वांत मोठा धोका उतावळेपणाचा. साखर शिल्लक असताना बाटल्या भरल्या तर वायू आत कोंडतो, काचेची बाटली फुटते आणि डोळ्याला इजा होऊ शकते. येथे धीर हा केवळ सद्गुण नसून सुरक्षिततेचा नियम आहे.

या साऱ्या प्रश्नांचे मूळ उत्तर लुई पाश्चर यांनी दिले. १८५६ साली फ्रान्समधील लील येथे बीटपासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखानदाराच्या आंबट झालेल्या पिंपांची तक्रार त्यांच्याकडे आली. सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या पिंपात यीस्टचे गोलसर कण दिसले, बिघडलेल्यात बारीक दांडके. १८७६ साली बिअरवर त्यांचा स्वतंत्र ग्रंथच निघाला. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले.

तात्पर्य, आंबणे आणि बिघडणे या क्रिया सख्ख्या बहिणी आहेत. फरक पडतो तो काम कोणाच्या हाती गेले यावरून. म्हणूनच उकळल्यानंतर काढ्याला लागणारी प्रत्येक वस्तू स्वच्छ आणि निर्जंतुक हवी. तेवढे केले की बहुतेक चिंता यीस्ट घालण्यापूर्वीच मिटलेल्या असतात. उरते ते एकच पथ्य : काळजीपोटी पुनःपुन्हा झाकण उघडू नये. ज्या जंतूंची भीती वाटते, त्यांना आत येण्याचे आमंत्रण बहुधा त्या भीतीनेच दिलेले असते.