हेलपाट्याचा हिशेब

ऑफिस सोडा, माणसांना घरून काम करू द्या, भाडं वाचवा. पुण्या-मुंबईकडून येणारा हा सल्ला तिथे चूक नाही. हिंजवडीतल्या कंपनीला एक माणूस बसवायचा म्हणजे नुसती खुर्ची लागत नाही. जागेचं भाडं, डिपॉझिट, एसी, जनरेटरचं डिझेल, वॉचमन, कँटीन, ने-आणीच्या बस असं सगळं त्या एका टेबलावर चढतं. उमरखेडच्या बाजारपेठेत मात्र हा सल्ला लंगडा पडतो. इथे पुष्कळांचं दुकान खाली नि घर वर. गाळा आजोबांनी कधीकाळी घेऊन ठेवलेला. दुकान सोडून घरी जा म्हटलं तर माणूस फार तर जिना चढेल. इथला मोठा वरखर्च अंतराचा आहे, आणि ‘किरकोळ’ या सदरात ढकलला जात असल्याने तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

उमरखेडची गोष्ट मुळात गमतीची आहे. जिल्हा यवतमाळ, लोकसभेचा मतदारसंघ हिंगोली, मोठी खरेदी नांदेडला आणि हळदीची गाडी वसमत किंवा हिंगोलीला. सरकारी कामासाठी यवतमाळ गाठायचं तर शंभर किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन दोनशेहून जास्त. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी धरली तर पेट्रोलच दीड हजाराच्या घरात जातं. एसटीने गेलं तर पैसे वाचतात, दिवस वाचत नाही. साहेब मीटिंगला गेलेले असले की पुन्हा तोच रस्ता, महागाव, आर्णी करत. महिन्याला असे दोन हेलपाटे धरा आणि तो आकडा दुकानाच्या लाईट बिलाशेजारी मांडून बघा. इंटरनेटने काही कापलं असेल तर आधी हे कापलं.

डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळायला लागला. फी १५ रुपये. कर्जासाठी सातबारा आणायचा म्हणजे तलाठ्याची वाट बघायची, ही पद्धत तेव्हापासून ढिली झाली. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि नोंदणीपासून विवरणपत्रापर्यंत सगळं पोर्टलवर गेलं. व्यापाऱ्यांनी त्या पोर्टलला यथेच्छ शिव्या दिल्या, अजून देतात. पण शिव्या तरी दुकानात बसून देता येतात. प्राप्तिकराची फेसलेस पद्धत २०२० मध्ये आली. बहुतेक प्रकरणांत नोटीस ऑनलाइन येते, उत्तर ऑनलाइन जातं, तपासणारा अधिकारी कुठल्या गावात बसलाय हे कळतही नाही. जिनिंगवरून निघणाऱ्या गाठींच्या ट्रकचं ई-वे बिल मोबाइलवरून निघतं. राज्याच्या आतल्या वाहतुकीला महाराष्ट्राने त्याची मर्यादा एक लाख रुपये ठेवली आहे, त्यामुळे छोट्या खेपांना तेही लागत नाही. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांची परवान्याची भानगड २०१७ च्या दुकाने कायद्याने काढून टाकली, ऑनलाइन सूचना दिली की झालं.

दुसरी बचत दिवाणजीची. पूर्वी प्रत्येक आडतीत गादीच्या कोपऱ्यात एक दिवाणजी बसायचा. काम असो-नसो, दिवसभर. आता हिशेब लिहिणारा एकच मुलगा चार-पाच दुकानांचं टॅली घरूनच सांभाळतो. दुकानदार संध्याकाळी बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, तो रात्री नोंदी करतो. पगाराऐवजी महिन्याची ठरीव रक्कम. खर्च खरोखर उतरतो, पण इथेच एक खोड शिरते. जीएसटीची नोंदणी करताना ‘तुझाच नंबर टाक रे’ म्हणून मोबाइल आणि ईमेल त्या मुलाचाच दिला जातो. पुढे कधी बिनसलं की पोर्टलचा प्रत्येक ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. मालक आपल्याच धंद्याच्या दाराबाहेर उभा. मग नंबर बदलून घ्यायला कागदपत्रं घेऊन जीएसटीच्या अधिकाऱ्याकडे जावं लागतं, म्हणजे वाचवलेला हेलपाटा व्याजासकट भरायचा. दूरस्थ कामाच्या बचतीत मी पहिली अट हीच घालीन: नोंदी कुणीही करो, नंबर आणि पासवर्ड मालकाचा.

यूपीआयचंही तसंच. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. सुट्ट्याची कटकट गेली, गल्ला घेऊन बँकेत उभं राहणं कमी झालं. पण पैसे आले म्हणून ओरडणाऱ्या त्या डब्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला कापलं जातं. त्यात टॅलीचं नूतनीकरण, ब्रॉडबँड, वर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवण्याचे पैसे. एकेक आकडा चिल्लर असल्यामुळे यांची बेरीज कोणी करत नाही.

आणि काही खर्च इंटरनेटने हलतच नाहीत. हळद घ्या. वसमत, हिंगोली, सांगली, निजामाबाद, सगळीकडचे भाव सकाळी दहाच्या आत फोनवर असतात. भाव विचारायला गाडी काढण्याचे दिवस गेले, आणि भाव ठाऊक असलेला शेतकरी माल कुठे न्यायचा हे घरून ठरवतो. पण फोटो बघून सौदा होत नाही. खरेदीदार ढिगातून एक हळकुंड उचलतो आणि दोन्ही हातांनी मोडतो. नीट वाळलेलं असेल तर ते खणकन मोडतं; दमट असेल तर वाकून, दबक्या आवाजात तुटतं. मग मोडलेल्या तोंडावरचा रंग बघतो, नखाने खरवडतो. हमाली, तोलाई, वाहतूक यांनाही ऑनलाइन पर्याय नाही. पोतं उचलावंच लागतं. म्हणून उमरखेडच्या आडत्याला ‘डिजिटल व्हा’ म्हणताना त्याच्या खर्चाचा कुठला भाग कागदाचा आहे आणि कुठला पोत्याचा, हे आधी वेगळं करावं. कागदाचा जातो, पोत्याचा राहतो.

आता दुसरी बाजू, पुण्याच्या कंपनीसाठी उमरखेडच्या घरातून काम करणाऱ्या पोरा-पोरींची. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन गावी आलेली ही मंडळी. २०२० मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत कुठल्याही वेळी फार तर पंचवीस टक्के माणसांनाच ऑफिसात असण्याची गरज राहील. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात या म्हणून सांगायला सुरुवात केली. मोठ्यांचे बेत असे फिरतात.

या विषयावरचा गाजलेला प्रयोग चीनचा. सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१० च्या शेवटी शांघायमधल्या कॉल सेंटरच्या काही लोकांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं, कंपनीचे माणशी वर्षाला साधारण दोन हजार डॉलर वाचले. प्रयोग संपल्यावर मात्र घरून काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक आपणहून ऑफिसात परत गेले. घरात एकटं वाटतं, ही मोठी तक्रार होती. आमच्याकडे तक्रार उलटी असते. घरात कोणी एकटं सोडत नाही. मीटिंग चालू असताना गॅस सिलिंडरवाला येतो, शेजारच्या काकू ‘सुट्टीवर आलास का रे?’ म्हणून खिडकीतून विचारतात.

मला खटकतो तो वेगळा मुद्दा. वाचलेला खर्च हवेत विरत नाही, तो कुणाच्या तरी घरी जातो. लॅपटॉप ६० वॅट, पंखा ७५ वॅट, नऊ तास चालले. चोवीस तासांचा राऊटर त्यात मिळवला की दिवसाला दीड युनिट. उन्हाळ्यात कूलरशिवाय उमरखेडात बसवत नाही. तो दीड-पावणेदोन युनिट आणखी ओढतो. कामाचे पंचवीस दिवस धरले तर महिन्याला पाऊणशे युनिटच्या पुढे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा दर जवळपास दुप्पट आहे, म्हणजे पुण्यातल्या एसीचं बिल वाचलं आणि इथल्या आई-बापांच्या मीटरवर ते महाग दराने चढलं. वर इन्व्हर्टरची बॅटरी, कारण वळवाच्या वाऱ्यात तार तुटली की लाईट कधी येईल ते सांगता येत नाही, आणि एका सिमचं नेटवर्क बंद पडलं तर असावं म्हणून दुसरं सिमकार्ड. नोकरदाराला या खर्चाची प्राप्तिकरात वेगळी वजावट नाही. स्वतःचा व्यवसाय असेल तर घराच्या भाड्याचा आणि विजेचा कामापुरता हिस्सा खर्चात दाखवता येतो. म्हणून घरून काम ठरवताना इंटरनेट आणि बॅटरीचा भत्ता आधी मागून घ्यावा. नोकरी लागल्यावर तो मागणं अवघड जातं.

घरातूनच छोटा धंदा चालवणाऱ्यांना मात्र एक सवलत आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. राहत्या घराच्या एखाद्या भागात व्यवसाय केला म्हणून लगेच व्यापारी दराचं मीटर घ्यावं लागत नाही. महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. जीएसटीसाठीही घराचाच पत्ता चालतो. घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि लाईट बिल पोर्टलवर जोडायचं. नवं काही सुरू करणाऱ्या उमरखेडच्या पोराने बाजारपेठेत गाळा शोधण्याआधी घरातलं मागच्या बारा महिन्यांचं बिल काढून युनिट मोजावेत.