रुईची गाठ आणि गाण्याची फाईल

आमच्या कामगार संघाच्या कचेरीत एका शाहिराच्या पोवाड्यांची, बाजारात विकली गेलेली कॅसेट होती. एका उत्साही तरुणाने ती संगणकावर घेतली, खरखर पुसली, आवाज वाढविला आणि कॅसेट भंगारात दिली. ऐकावयास बसलो तो डफाची थाप बोथट आणि झीलकऱ्यांमागच्या टाळ्या नाहीशा! हे पूर्ववत होईल काय, या प्रश्नापायी आम्ही जे शिकलो ते येथे मांडतो.

संगणकातील गाणे म्हणजे आकड्यांची रास होय. सीडीवर प्रत्येक सेकंदाचा ध्वनी ४४,१०० वेळा मोजून लिहिलेला असतो. ही रास लहान करण्याच्या दोन रीती आहेत. अकोला-अमरावतीच्या माणसास त्या चटकन उमगतील. प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधली, तरी सोडल्यावर रुई तेवढीच भरते. 'फ्लॅक' फाईल अशी असते. उलगडताच मूळ आकडे जसेच्या तसे मिळतात. 'एमपी-थ्री' मात्र कानास जाणवणार नाहीत असे धरून काही ध्वनी टाकूनच देते. तिची पुन्हा फ्लॅक करणे म्हणजे उरलेल्या मालाची नवी गाठ बांधणे. टाकलेले परत येत नाही.

मग दुरुस्त काय होते? गाण्याचे वा गायकाचे चुकलेले नाव ही नुसती चिठ्ठी; ती बदलता येते. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० फेऱ्यांनी वाजवून नोंदली असेल, तर हिशेबाने सूर जागेवर आणता येतो. परंतु आवाज वाढविताना ध्वनीचे शेंडे छाटले गेले, किंवा खरखरीबरोबर टाळ्या पुसल्या गेल्या, तर यंत्र केवळ अंदाज करते. आणि अंदाज म्हणजे साक्ष नव्हे.

१९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालेली गौहरजान तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव सांगत असे. ते शब्द फालतू म्हणून कापले, तर गाणे उरेल, पण पुरावा जाईल.

म्हणून खरा उपाय एकच : त्याच प्रकाशनाची दुसरी अस्सल प्रत शोधणे. दोन फाईली एकच आहेत काय, हे संगणक त्यांच्या आकड्यांवरून काढलेल्या छोट्या खुणेने सांगतो. एक आकडा बदलला तरी खूण बदलते.

हजेरीपटावरील खाडाखोडीने कामगाराची मजुरी कशी बुडते, हे आम्ही जन्मभर पाहिले आहे. दुरुस्ती नकलेवर करावी; मूळ प्रतीस हात लावू नये.

अखेर बडनेऱ्याच्या एका निवृत्त कामगाराच्या पेटीत त्या कॅसेटची दुसरी प्रत निघाली. या खेपेस आम्ही ती आहे तशीच उतरवून घेतली. टाळ्या परत आल्या, आणि खरखरही!