वसतिगृहांत धाडण्यापूर्वीं

जून महिना उजाडला कीं घरोघर मुलामुलींना परगांवीं शिकावयास धाडण्याची तयारी सुरू होते. गादी, लाडवांचा डबा, प्रमाणपत्रांच्या नकला, सारें आठवणीनें बांधलें जातें. पण स्वतःच्या शरीराविषयीं व परस्परांशीं वागण्याविषयीं चार शब्द सांगण्यास वडील मंडळींस सवड होत नाहीं. खरें म्हणावयाचें तर धीर होत नाहीं.

वास्तविक हा विषय मराठी वाचकांस नवा नाहीं. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें, आणि त्यापायीं उपहास व खटले सोसले. त्यांचीं सर्वच मतें कोणी मान्य करावीं असें नाहीं. पण अज्ञान म्हणजे पावित्र्य नव्हे, हें त्यांचें म्हणणें आजहि खोडतां येत नाहीं.

दरम्यान कायदा पुष्कळ पुढें गेला. विशाखा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं मार्ग आंखून दिला. २०१३ सालीं कायदा झाला. २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनीं प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेंत अंतर्गत तक्रार समिति आवश्यक ठरविली. तिच्या अध्यक्षस्थानीं ज्येष्ठ प्राध्यापिका असते, निदान निम्म्या सभासद स्त्रिया असतात, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचें असल्यास तीन विद्यार्थीहि बसतात. तक्रार तीन महिन्यांच्या आंत करावयाची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवावयाची.

मग हे तीन महिने कशांत निघून जातात? पुष्कळदां ते घरच्या भीतींत जातात. छळणाऱ्याहूनहि मुलीस ‘पुरे झालें शिक्षण, परत ये’ या शब्दांचा धाक अधिक वाटतो. अपराध दुसऱ्याचा आणि पदवी हिची जाणार, असा हिशेब दिसला म्हणजे ती मुकाट्यानें सोसते.

आरोग्याचेंहि असेंच होतें. क्लॅमिडियासारख्या संसर्गाचीं लक्षणें स्त्रियांत बहुधा दिसतच नाहींत. उपेक्षा झाल्यास पुढें वंध्यत्व येऊं शकतें. वेळींच औषध घेतल्यास तो पूर्ण बरा होतो, व सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकांत तपासणी मोफत होते. परंतु घरीं कळेल या धास्तीनें तेथवर पाऊलच पडत नाहीं.

मुलग्यांनाहि सांगण्यासारखें आहे. मौन हें संमतीचें लक्षण, असें आपण सहज म्हणतों. लग्नाच्या बोलणींत हें वचन कधीं चाललें असेल. दोन माणसांच्या जवळिकींत तें घातक आहे. भीतीनें, संकोचानें किंवा नशेनें गप्प बसलेल्या व्यक्तीनें होकार दिलेला नसतो. काल दिलेला होकार आज परत घेण्याचा अधिकारहि तिला आहे. नकार ऐकून सन्मानानें मागें फिरणें, हें सुसंस्कृत पुरुषाचें लक्षण घरांतच शिकवावयास हवें.

आईबापांस संकोच वाटत असेल तर एकत्र कुटुंबांत वहिनी, आत्या, काका आहेतच. ज्याच्याशीं मुलांचें मन मोकळें होतें, त्यानें बोलावें. आणि निरोप देतांना सर्वांच्या वतीनें एक वचन द्यावें: “कांहीं घडलें तर आधीं आम्हांस सांग. तुझें शिक्षण थांबणार नाहीं.” तें वचन मात्र प्रसंग आल्यावर पाळलें पाहिजे, एकदां मोडलें कीं धाकट्या भावंडांचींहि तोंडें कायमचीं मिटतात.